अकराव्या प्रकरणात अडकले आहे (कादंबरीचं पुनर्लेखन)

निळी_शाई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर "मीठ कधी घालायचं" एवढंच विचारायला येते. आज गाऱ्हाणं वेगळं आहे.

कादंबरी लिहिते आहे. म्हणजे लिहून झाली आहे. चौदा महिन्यांत पहिला खर्डा पूर्ण झाला. २३ प्रकरणं, १,१८,००० शब्द. त्यालाही आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून नुसती दुरुस्ती चालू आहे. पहिली दहा प्रकरणं चार-चार वेळा घासून झाली. अकरावं उघडलं, की मला डाळींचे डबे पुसायची, माळा आवरायची, ज्या चुलतनणंदेशी दोन वर्षं बोलले नाही तिला फोन करायची अनावर इच्छा होते. परवा खरंच केला. तिलाही आश्चर्य वाटलं.

विषय १९८२ चा गिरणी संप. लालबागमधली चाळ, दहा बाय बाराची खोली. बाप मिलच्या साचेखात्यात (म्हणजे मागांवर), आई घर सांभाळते, गोष्ट सांगणारा मुलगा दहा वर्षांचा. अकराव्यात संपाला नऊ महिने झालेत, आईचं मंगळसूत्र गहाण पडलंय. एका रात्री बाप आईला सांगतो, की चाळीत 'गावाला गेलाय' म्हणून सांग, मी गुपचूप मिलमध्ये कामावर जातोय. पुढची बारा प्रकरणं या गुपितावर उभी आहेत.

एका प्रकाशनाच्या संपादकांनी हस्तलिखित वाचून परत पाठवलं. बाकी पानांवर खुणांचा सडा आहे. अकराव्याच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ: "इथे नाणं बद्द वाजतं." फोन केला तर म्हणाले, "का ते मलाही सांगता येत नाही. तुम्हीच शोधा."

आठ महिने शोधतेय. वर्तमानकाळात लिहून पाहिलं. आईच्या तोंडून लिहून पाहिलं. पाऊस पाडला. पाऊस काढला. लिहिताना मी अशी कधीच अडले नव्हते. दुरुस्त करताना अडणं हे काही वेगळंच दुखणं आहे का? तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय?

टीकोजीराव

पहिला! (आता वाचून येतो.)

सदाफुली

निळी, सहा महिने बाजूला ठेवून दे. लोणचं मुरू दे.

निळी_शाई

सदाफुली, मध्ये पाच महिने ठेवलं होतं गं. बरणी उघडली तर बुरशी.

फ्रिमाँटचा_बंड्या

माझं पहिलं पुस्तक (तांत्रिक, कथा नाही) असंच अडकलं होतं. मी प्रत्येक प्रकरणाची स्प्रेडशीट केली. कोण येतं, काय हवंय, काय मिळतं, किती शब्द. रकाना रिकामा राहिला, की दोष सापडतो.

निळी_शाई

@बंड्या, स्प्रेडशीट आहे. तीत रंगही भरलेत. बाप निळा, आई पिवळी, भूक लाल. खरं सांगू, कादंबरीपेक्षा स्प्रेडशीट सरस झाली आहे.

मुद्राराक्षस

ताई, मी २६ वर्षं मुद्रितं तपासतो. आयडीवरून ओळखलंच असेल. लेखक नाही, पण लेखकांच्या अडण्याचा शेजारी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे 'संपादन' या एका शब्दात तीन कामं कोंबतात. एक, मजकूर मुळात उभा राहतोय का ते पाहणं. दोन, वाक्यं नीट करणं. तीन, ऱ्हस्व-दीर्घ, म्हणजे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम. तिसरं काम माझं. माणसं पहिलं काम अवघड पडलं, की दुसऱ्यात लपतात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात. तुम्ही पहिली दहा प्रकरणं चारदा घासली म्हणता. माझा अंदाज, चौथ्या खेपेला तुम्ही 'आणि'चं 'नि' आणि परत 'नि'चं 'आणि' केलं असेल.

एक लेखक होते. त्यांनी तिसऱ्या मुद्रितावर नायिकेचं नाव बदललं. सुमनची सुनंदा. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, तिथून युनिकोडमध्ये आणलेला, त्यात रफार उडालेले, अर्धे 'र' दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलेले. मी शोधून शोधून सुमन काढल्या. पुस्तक आलं, पान १८७ वर नायक सुनंदाला मिठीत घेऊन म्हणतो, "सुमन!" वाचकांना वाटलं हाच कथेचा कळसबिंदू. एका परीक्षणात त्याचं कौतुकही झालं.

तर, घासलेल्या प्रकरणांना आता हात लावू नका. त्यांची चकाकी जाईल.

निळी_शाई

'आणि'चं 'नि' केलं होतं. परतही केलं होतं. तुम्ही माझ्या खिडकीत बसता का?

खोडरबर

मला मुळात संपादकांचा तो शेरा पटलेला नाही. "बद्द वाजतं, का ते तुम्ही शोधा" हे काय उत्तर झालं? 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत यांची पत्रं काढून वाचा. काय खटकलं, का खटकलं, कुठे थांबायला हवं होतं, सगळं मुद्द्यानिशी लेखकाला लिहून कळवायचे. राम पटवर्धनही तसेच. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. आता समासात एक ओळ लिहायची आणि लेखकाला आठ महिने जाळायचं, याला संपादन म्हणतात.

दुसरं म्हणजे, एवढी दुरुस्ती करायचीच कशाला? 'कोसला' नेमाड्यांनी १९६३ मध्ये पंधरा-वीस दिवसांत लिहिली. घासत बसले असते तर 'कोसला' झालीच नसती.

सदाफुली

नेमाडे आले. आता धागा शंभरी गाठणार. चहा टाकते.

अर्धविराम

@खोडरबर, त्याच नेमाड्यांच्या 'हिंदू'ची वाट मराठी वाचकांनी २०१० पर्यंत पाहिली. एकाच माणसाची दोन उदाहरणं, सोयीचं तेवढंच घेऊ नये.

आणि हेमिंग्वेचं काय? 'अ फेअरवेल टू आर्म्स'चे शेवट त्याने इतक्यांदा लिहिले, की २०१२ सालच्या आवृत्तीत ४७ शेवट मागे जोडले आहेत. ४७! मी सगळे वाचले. बरेचसे वाईट आहेत. ते पाहून फार बरं वाटलं.

खोडरबर

हेमिंग्वेला घरी पाहुणे येत नसावेत.

टीकोजीराव

वाचून आलो. सोपा उपाय: अकरावं प्रकरणच काढून टाका. काही इमारतींत तेरावा मजला नसतो, तसं. दहानंतर थेट बारा.

निळी_शाई

हसू नका, करून पाहिलं. धाकट्या बहिणीला वाचायला दिलं. तिने बाराव्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर विचारलं, "ताई, बाप कुठे गेला?"

आणखी एक प्रकार केला तोही सांगते. पूर्ण प्रकरण हाताने वहीत उतरवून काढलं. टंकताना डोळा सरावाने पुढे सरकतो, हात मात्र प्रत्येक शब्दाशी थांबतो. झालं असं, की दर वेळी एकाच ठिकाणी हात आखडायचा. बाप बोलायला तोंड उघडतो तिथे. त्याच्या आधीची दीड पानं, गहाणवट, डब्यातली शेवटची ज्वारी, सगळं सरळ उतरायचं.

अर्धविराम

मग तेवढाच तुकडा इथे टाका की. डॉक्टरला जीभ न दाखवता औषध मागताय.

निळी_शाई

लाज वाटते, पण टाकते. कुटुंब पाटणकडचं आहे.

*"इंदे," बाबा कुजबुजले. "जागी हायस?"*
*आईने कूस बदलली.*
*"उंद्या पहाटं जातू. मिलमधी. चाळीत कुनाला बोलू नगंस. गावाला गेलाय म्हन."*
*आई काहीच बोलली नाही. पोटमाळ्यावर मी श्वास रोखून पडलो होतो. एक एक शब्द कानात शिशासारखा उतरत होता.*

सदाफुली

"कानात शिसं" काढ बाई आधी. बाकी छान आहे. मला तर काहीच बद्द वाटलं नाही.

खोडरबर

मी म्हणतच होतो. उत्तम चाललंय. शिसं सोडून.

मुद्राराक्षस

शिसं माझ्या खात्यात येत नाही, तरी अनुमोदन. 'उंद्या', 'जातू' तपासून घेतलंय ना?

निळी_शाई

हो, पाटण तालुक्यातल्याच एका आजींना वाचून दाखवलं होतं. त्यांनी 'म्हन'चं 'म्हनावं' करून दिलं, ते इथे टाकायचं राहिलं. शिसं काढलं.

फ्रिमाँटचा_बंड्या

अवांतर: हे वाचून बाबांची आठवण आली. तेही अंधारातच महत्त्वाचं बोलायचे. आम्ही ठाण्याला जागा घेतली हे मला असंच झोपेचं सोंग घेऊन कळलं.

भोंगा_तिसरा

चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

ताई, मी तुमच्या तुकड्यातल्या तिसऱ्या शब्दाच्या पुढे गेलोच नाही. "बाबा कुजबुजले." साचेखात्यातला माणूस कुजबुजतो होय?

माझे वडील २८ वर्षं साच्यांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला तेव्हा मी सातवीत. एकदा डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा खात्याच्या दारापर्यंत सोडलं होतं. शेकडो साचे एका वेळी, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय. आवाज कानाने ऐकू येत नाही, तो पोटात आणि दातांत येतो. मी वडिलांना हाक मारली तर माझी हाक मलाच ऐकू आली नाही. त्या आवाजात रोज आठ तास, २८ वर्षं. कान राहतात का? आमच्या मजल्यावरचे साचेवाले सगळे कमी-जास्त बहिरे. आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतोय ते कळत नाही. वडिलांनी आईकडे मीठ मागितलं, तर तीन खोल्या पलीकडची सरूमावशी वाटीत मीठ घेऊन यायची. चेष्टेने नाही, तिला वाटायचं आपल्यालाच सांगितलं. दहावीचा माझा निकाल सगळ्या चाळीला माझ्याआधी कळला, कारण वडिलांनी तो आईला 'हळूच' सांगितला होता.

तुमच्या त्या बापाने रात्री असं काही सांगितलं असतं, तर पहाटेपर्यंत गणेश गल्लीपर्यंत गेलं असतं.

राग मानू नका.

टीकोजीराव

…

(पहिल्यांदाच काही सुचलं नाही.)

निळी_शाई

भोंगा दादा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग परत वाचला.

मी त्या काळातली वर्तमानपत्रं वाचली, दत्ता सामंतांची भाषणं वाचली, मागण्या पाठ केल्या, ज्वारीचा भाव शोधला. आवाज विसरले. 'साचेखातं' हा शब्द मी ४१ वेळा लिहिलाय आणि एकदाही ते खातं ऐकलं नाही.

पण आता मेलेच. गुपित राहूच शकत नसेल, तर बारा ते तेवीस गेली. साठ हजार शब्द.

खोडरबर

थांबा थांबा. कादंबरी आहे, माहितीपट नाही. साचेवाला कुजबुजू शकतो की नाही हे किती वाचकांना ठाऊक असणार? मी तीस वर्षं कादंबऱ्या वाचतोय, मला नव्हतं खटकलं.

भोंगा_तिसरा

लालबाग-परळच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असणार साहेब. पुस्तक त्यांच्यावर आहे ना?

मुद्राराक्षस

@खोडरबर, संपादकांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्यांच्या कानाला लागलं. ताईंनाही ठाऊक नव्हतं, तरी हात तिथेच आखडला. तुम्ही संपादकांना झोडपलंत, आता त्यांना एक चहा लागू झाला.

खोडरबर

चहा मान्य. पण पत्र लिहायला हवं होतं या मतावर ठाम आहे.

सदाफुली

अगं ऐक, माझं डोकं आत्ता चाललं. माझी आजी मिलमध्ये वाइंडिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यात) होती, बायका त्या खात्यात असायच्या. म्हातारपणी ती टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघायची आणि आम्हाला गोष्ट सांगायची. आम्हाला वाटायचं मनानेच रचते. मग एकदा आवाज चालू करून ताडून पाहिलं. ऐंशी टक्के बरोबर! ओठ वाचायची. मिलमध्ये सगळे तसंच बोलायचे म्हणाली.

मग तुझ्या बापाने बोलायचंच कशाला? नुसते ओठ हलवायचे.

भोंगा_तिसरा

हे बरोबर आहे. खात्यात बोलणं ओठांनी आणि हातांनीच. चहाला जातो, जॉबर (मुकादम) येतोय, माझा साचा बघ, सगळ्याला खुणा. वडील आणि त्यांचे जोडीदार रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून आवाज न काढता अर्धा तास गप्पा मारायचे. मधून बस गेली तरी काही फरक पडायचा नाही.

पण समोरच्यालाही वाचता यायला हवं. तुमची इंदू मिलमध्ये होती का?

निळी_शाई

थांबा. फाइल उघडते.

टीकोजीराव

पॉपकॉर्न आणलंय. कुणाला हवंय?

निळी_शाई

सापडलं. अंगावर काटा आला, खरं सांगते. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: "लग्नाआधी आई दोन वर्षं वाइंडिंगला जायची, तिचा पहिला पगार आजोबांनी मोजून घेतला होता." मागच्या वर्षी मीच कापलं. शेजारी लिहिलंय, 'पाल्हाळ, पुढे उपयोग नाही.'

मुद्राराक्षस

कापलेलं जपून ठेवता हे बरं केलंत.

निळी_शाई

'कापलेलं' नावाची वेगळी फाइल आहे. ३१,००० शब्द. नवरा त्याला दुसरी कादंबरी म्हणतो.

खोडरबर

आता मी म्हणतो ते ऐका, आडमुठेपणा नाही. ओठ वाचायला उजेड लागतो. रात्री दीडला खोलीत दिवा लागला तर चाळ बघणारच. भूक, आजारपण, नाहीतर बाळंतपण, चौथं कारण नसतं.

निळी_शाई

खोडरबर, तुमचं पहिलं वाक्य वाचून तोंड वाकडं केलं होतं, माफ करा. बरोबर बोललात. दारावर जाळी असते आणि बाहेर गॅलरीत सामायिक दिवा. त्याचा उजेड आत भिंतीवर चौकटीचौकटीने पडतो. बाप आईला उठवून त्या उजेडात बसवतो. तोंडावर चौकटी.

आणि मुलगा पोटमाळ्यावरून बघतो. आवाज नाहीच. त्याला फक्त बापाचे ओठ हलताना दिसतात. ज्या माणसाचं साधं बोलणं तीन खोल्यांपलीकडे जातं, तो पहिल्यांदाच मुका झालेला दिसतो. मुलाला वाटतं बाबा स्तोत्र म्हणतायत. सकाळी बाबा गावाला गेलेत.

अर्धविराम

म्हणजे त्याला काय चाललंय ते कळतच नाही?

निळी_शाई

नाही ना! आतापर्यंत त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणून पुढची बारा प्रकरणं तो शहाण्यासारखा वागत होता आणि मला त्याचा कंटाळा यायला लागला होता. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आता तो चाळभर सांगत सुटणार, बाबा गावाला गेलेत, मला बोरं आणणार आहेत. आणि आईला ते ऐकत उभं राहावं लागणार.

सदाफुली

अगं बाई.

अर्धविराम

तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला, म्हणून लिहितो. लिहिताना पुढे काय ते ठाऊक नसतं म्हणून अडतो, हे बरं दुखणं. दुरुस्तीत पुढचं सगळं ठाऊक असतं आणि ते मोडू नये म्हणून आपण जपत बसतो. माझ्या दोन कथा अशाच गेल्या. पुढचं इतकं जपलं, की मागचं कधी हललंच नाही.

फ्रिमाँटचा_बंड्या

स्प्रेडशीटमध्ये 'कुणाला काय ऐकू येतं' हा रकाना घालायला हवा होता. माझ्या पुढच्या पुस्तकात घालतो. (तांत्रिक आहे, तरीही.)

भोंगा_तिसरा

ताई, एक बारीक गोष्ट. आमच्या गॅलरीत बल्ब नव्हता, ट्यूब होती, आणि तिचा चोक बिघडलेला. रात्रभर लुकलुकायची. असल्या उजेडात ओठ वाचताना मधले शब्द सुटतात. आई वडिलांना हाताने थांबवायची, परत म्हणा अशी खूण करायची. वडील आमच्या घरात एकच वाक्य दोनदा म्हणाले असतील, तर असं.

निळी_शाई

दादा, हे घेते. तुमची हरकत नसेल तर.

भोंगा_तिसरा

घ्या. वडील असते तर त्यांनी ओरडून हो म्हटलं असतं.

मुद्राराक्षस

मुद्रितं माझ्याकडे पाठवा. इंदूचं नाव मध्येच बदलू नका एवढीच विनंती.

ओली_सुकी_भेळ

नवीन आयडी आहे, सर्वांना नमस्कार. प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ कमी आहे. ताई, मला वाटतं अकराव्या प्रकरणात थोडा पाऊस दाखवलात तर वातावरणनिर्मिती होईल.

टीकोजीराव

@भेळ, ताई लिहायला बसल्यात. निरोप ठेवा.